मर्यादांचीही नक्कल हवी!

संगणकात स्मृती किती असावी असे तुम्हांला विचारले, तर तुम्ही क्षणाचाही विचार न करता सांगाल, "जितकी जास्त तितकी बरी!" नव्या संगणकाच्या बाबतीत हे उत्तर बहुतेक वेळा बरोबरच ठरते. पण जुन्या काळची एखादी आज्ञावली आजच्या यंत्रावर चालवायची असेल, तर हेच उत्तर चुकीचे ठरू शकते. अशा वेळी प्रश्न 'किती स्मृती' एवढाच नसतो, 'कोणत्या प्रकारची स्मृती' असाही असतो. कधी कधी तर 'किती कमी' असाही असतो! हे नीट समजून न घेता जुन्या आज्ञावल्या चालवणे, जपणे आणि शिकवणे हे आपल्या हिताचे नाही, असे माझे मत आहे. ते तुम्हांला पटते की नाही, हे पुढचे वाचून तुम्हीच ठरवा.

बहुरूपी यंत्र

गावात बहुरूपी येतो तेव्हा तो कधी पोलीस असतो, कधी डॉक्टर, कधी तलाठी. सोंग इतके हुबेहूब की पाहणारा घटकाभर फसतो. संगणकाच्या जगातही असे बहुरूपी आहेत. त्यांना इम्युलेटर म्हणतात. इम्युलेटर ही एक आज्ञावलीच असते, पण ती दुसऱ्या एखाद्या यंत्राचे सोंग घेते. त्या यंत्राची चिप, त्याची स्मृती, त्याचा पडदा, त्याचा आवाज, सगळ्याची ती नक्कल करते. जुन्या आज्ञावलीला वाटते की आपण आपल्याच काळातल्या यंत्रात आहोत, आणि ती बिनतक्रार चालू लागते.

एमएस-डॉस ही कार्यप्रणाली १९८१ पासून पुढे दहा-पंधरा वर्षे जगभरच्या वैयक्तिक संगणकांवर राज्य करीत होती. तिच्यासाठी लिहिलेल्या हजारो आज्ञावल्या आजच्या ६४ बिटांच्या विंडोजवर थेट चालत नाहीत. त्या चालवण्यासाठी २००२ साली 'डॉसबॉक्स' नावाचा इम्युलेटर आला. तो विनामूल्य मिळतो आणि आजही खूप वापरला जातो. काही महाविद्यालयांत 'टर्बो सी प्लस प्लस' याच बहुरूप्याच्या आधारे चालते.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. या बहुरूप्याने जुन्या यंत्राची स्मृती नेमकी कशी दाखवावी? त्यासाठी थोडा इतिहास आणि थोडे गणित लागेल. गणित सोपे आहे, घाबरू नका.

वीस तारांचे गणित

स्मृतीतल्या प्रत्येक बाइटला एक पत्ता असतो, जसा गल्लीतल्या प्रत्येक घराला क्रमांक असतो. चिप हा पत्ता तारांवरून पाठवते. प्रत्येक तारेवर ० किंवा १ एवढेच असते. एका तारेने २ पत्ते सांगता येतात, दोन तारांनी ४, तीन तारांनी ८. इंटेल कंपनीच्या ८०८६ (१९७८) आणि ८०८८ (१९७९) या चिपांना पत्त्याच्या २० तारा होत्या. २ चा २० वा घात काढा. उत्तर येते १०,४८,५७६. म्हणजे १ मेगाबाइट, त्याहून एकही बाइट अधिक नाही. एकविसावी तारच नाही, तर पुढचा पत्ता सांगणार कसा?

ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमने आपला वैयक्तिक संगणक बाजारात आणला. त्यात ८०८८ हीच चिप होती. त्याच्या सर्वांत साध्या नमुन्यात अवघी १६ केबी स्मृती असे, हे लक्षात घेतले म्हणजे १ मेगाबाइट त्या वेळी केवढे प्रशस्त वाटले असेल याची कल्पना येईल. आयबीएमच्या आराखड्यात या जागेचे दोन भाग केले होते. खालचे ६४० केबी आज्ञावल्यांसाठी, आणि वरचे ३८४ केबी पडद्यावरच्या चित्रासाठी व यंत्राच्या कायमच्या आज्ञांसाठी राखून ठेवलेले. ही जी ६४० केबीची प्रसिद्ध भिंत, ती अशी उभी राहिली. "६४० केबी कोणालाही पुरेसे आहेत," असे बिल गेट्स म्हणाले होते, असे अनेक ठिकाणी वाचायला मिळते. गेट्स यांनी ते नाकारले आहे आणि त्याचा पुरावाही कोणी दाखवलेला नाही. भिंत उभी राहण्याचे कारण कोणाचे वाक्य नव्हते, ते होते चिपच्या तारा आणि यंत्राचा आराखडा.

आता आणखी एक गंमत पाहा. ८०८८ च्या आतले अंक १६ बिटांचे, म्हणजे जास्तीत जास्त ६५,५३५ पर्यंतचे. मग २० बिटांचा पत्ता कसा तयार करायचा? त्यासाठी दोन अंक वापरत. पहिल्याला १६ ने गुणायचे आणि त्यात दुसरा मिळवायचा. दोन्ही अंक सर्वांत मोठे घेऊन पाहा. ६५,५३५ गुणिले १६ म्हणजे १०,४८,५६०. त्यात ६५,५३५ मिळवले की होतात ११,१४,०९५. पण शेवटचा पत्ता तर १०,४८,५७५ आहे! मग त्यापुढच्या ६५,५२० पत्त्यांचे काय होत असे? जुन्या स्कूटरच्या मीटरवर ९९,९९९ नंतर पुन्हा शून्य येते ना, तसेच इथेही होई. पत्ता परत फिरून शून्यापासून सुरू होई. काही आज्ञावली-लेखकांनी या परत फिरण्याचाच उपयोग करून घेतला. ही गोष्ट मनात ठेवा, पुढे कामाला येईल.

भिंत ओलांडण्याच्या तीन वाटा

१९८२ साली इंटेलची ८०२८६ ही चिप आली. तिला २४ तारा होत्या, म्हणजे १६ मेगाबाइटपर्यंत पोच. १९८५ मध्ये ८०३८६ आली. तिला ३२ तारा, म्हणजे ४ गिगाबाइट. मग अडचण संपली का? नाही. या चिपा दोन प्रकारे चालत. जुन्या पद्धतीने चालल्या तर त्या ८०८६ सारख्याच १ मेगाबाइटमध्ये अडकून पडत. नव्या, 'संरक्षित' पद्धतीने चालल्या तर सारी स्मृती खुली, पण डॉसला ती पद्धत ठाऊक नव्हती. त्यातही ८०२८६ चे एक विचित्र वैगुण्य होते. संरक्षित पद्धतीत एकदा गेल्यावर तिला परत येता येत नसे. परत यायचे तर चिप पुन्हा पहिल्यापासून सुरू करावी लागे. आयबीएमच्या १९८४ च्या 'एटी' या यंत्रात हे काम चक्क कीबोर्ड सांभाळणाऱ्या चिपकडून करून घेत!

तोवर लोटस १-२-३ सारख्या हिशेबाच्या आज्ञावल्यांतील तक्ते इतके वाढले होते की ६४० केबी अपुरे पडू लागले. गरज पुढे आली आणि वाटा निघाल्या.

पहिली वाट १९८५ ची. लोटस, इंटेल आणि मायक्रोसॉफ्ट या तीन कंपन्यांनी मिळून ती काढली. तिला विस्फारित स्मृती, म्हणजे ईएमएस, म्हणतात. जत्रेतला सिनेमाचा डबा तुम्ही पाहिला किंवा ऐकला असेल. डोळा लावायची खिडकी एका जागी असते, मागची चित्रे बदलत जातात. ईएमएसचे तसेच आहे. १ मेगाबाइटच्या आतच, राखीव भागात, ६४ केबीची एक खिडकी ठेवायची. तिचे १६ केबीचे चार खण. यंत्रात बसवलेल्या वेगळ्या कार्डावर पुष्कळ स्मृती असे, आणि तिची हवी ती चार पाने आलटून पालटून या खणांमागे आणली जात. चिपला वाटे की आपण त्याच पत्त्यावर वाचतो आहोत, पण मागचे पान बदललेले असे.

दुसरी वाट १९८८ ची. तिला वाढीव स्मृतीचे नियम, म्हणजे एक्सएमएस, म्हणतात. इथे खिडकी नाही. घरातल्या माळ्याची कल्पना करा. माळ्यावर सामान पुष्कळ मावते, पण तिथे बसून स्वयंपाक करता येत नाही. हवी ती वस्तू खाली ओट्यावर आणायची, काम झाले की वर ठेवायची. १ मेगाबाइटच्या पलीकडची स्मृती हा माळा, ६४० केबी हा ओटा, आणि सामानाची ने-आण करणारा गडी म्हणजे 'हायमेम' ही छोटी आज्ञावली.

तिसरी वाट म्हणजे सारा स्वयंपाकच मोठ्या दालनात हलवणे. 'डॉस एक्स्टेंडर' नावाच्या आज्ञावल्या चिपला संरक्षित पद्धतीत नेत, आणि फाइल वाचण्यासारखे डॉसचे काम पडले की तेवढ्यापुरते परत आणत. या व्यवहाराचे डीपीएमआय हे नियम १९९० मध्ये ठरले. डिसेंबर १९९३ मध्ये आलेला 'डूम' हा गाजलेला खेळ याच वाटेने चाले. त्याला ८०३८६ चिप आणि ४ मेगाबाइट स्मृती लागे.

तीन वाटा, तिन्हींचे नियम वेगळे. आज्ञावली ज्या वाटेने चालायला शिकली, तीच वाट तिला हवी. ईएमएसची खिडकी शोधणाऱ्या आज्ञावलीला तुम्ही माळाभर स्मृती दिलीत तरी ती म्हणणार, "स्मृती पुरेशी नाही." डॉसबॉक्समध्ये एखादी जुनी आज्ञावली अडून बसते, तेव्हा नेहमी नसले तरी पुष्कळदा हेच कारण असते.

जास्त स्मृतीचा अपाय

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. काही जण म्हणतात, "आपल्या यंत्रात आज ८ जीबी स्मृती आहे. ६४० केबीच्या तेरा हजार पट! मग इम्युलेटरने जुन्या आज्ञावलीला सढळ हाताने स्मृती द्यावी. कंजुषी कशाला?" विचार उदार आहे, पण चुकीचा आहे. तीन उदाहरणे पाहा.

मघाची मीटर परत फिरण्याची गोष्ट आठवते ना? ८०२८६ ला एकविसावी तार होती, म्हणून तिच्यावर मीटर परत फिरेना. पत्ता सरळ १ मेगाबाइटच्या पुढे जाऊ लागला. परत फिरण्यावर विसंबलेल्या जुन्या आज्ञावल्या बिघडू नयेत म्हणून आयबीएमने 'एटी'मध्ये त्या तारेवर एक फाटकच बसवले! फाटक बंद असले की एकविसावी तार नसल्यासारखी वागे. म्हणजे वाढलेली क्षमता मुद्दाम झाकून ठेवावी लागली. चांगल्या इम्युलेटरला या फाटकाचीही नक्कल करावी लागते.

दुसरे उदाहरण. १९९१ च्या एमएस-डॉस ५ ने स्वतःचा बराचसा भाग १ मेगाबाइटच्या पलीकडे हलवला, म्हणजे त्याच ६५,५२० बाइटांच्या जागेत. खालची जागा मोकळी झाली. सर्वांना आनंद झाला, पण काही आज्ञावल्या सुरू होताच 'घडी घातलेली फाइल खराब आहे' अशा अर्थाचा संदेश देऊन बंद पडू लागल्या. फाइल मुळीच खराब नव्हती. त्या आज्ञावल्या दाबून लहान केलेल्या होत्या, आणि त्यांची घडी उलगडणारा भाग असे गृहीत धरून लिहिला होता की सर्वांत खालच्या ६४ केबीमध्ये डॉस बसलेला असणारच. तिथे आज्ञावली स्वतःच येऊन बसली आणि हिशेब चुकला. यावर उपाय म्हणून मायक्रोसॉफ्टने 'लोडफिक्स' ही आज्ञा दिली. ती करते काय? खालची ६४ केबी जागा सोडून आज्ञावली वर बसवते. थोडक्यात, स्मृती वाया घालवते! हीच आज्ञा डॉसबॉक्समध्येही आहे, आणि ती उगीच नाही.

तिसरे उदाहरण. एक्सएमएसच्या पहिल्या प्रचलित नियमांत मोकळी स्मृती किती हे १६ बिटांच्या अंकात, केबीमध्ये सांगत. १६ बिटांचा सर्वांत मोठा अंक ६५,५३५. म्हणजे ६४ मेगाबाइटला एक केबी कमी. त्याहून अधिक स्मृती असली तर सांगायला अंकच नाही! मूळ डॉसबॉक्समध्ये स्मृतीचा ठरावीक आकडा १६ मेगाबाइट आहे आणि तो शक्यतो बदलू नये अशी सूचना आहे. ही कंजुषी नव्हे, हे शहाणपण आहे.

यावरून माझे म्हणणे असे. बहुरूप्याने तलाठ्याचे सोंग घेतले आणि हातात मोबाइल धरून सातबारा दाखवला, तर ते सोंग बिघडले. इम्युलेटरचा पहिला गुण औदार्य नव्हे, तो आहे इमान. जुन्या यंत्राची ताकद तर त्याने दाखवावीच, पण त्याच्या भिंती, फाटके आणि अडचणीही तितक्याच प्रामाणिकपणे दाखवाव्यात. कारण त्या आज्ञावल्या त्या भिंतींना टेकून उभ्या राहिल्या होत्या. भिंत काढली की घर पडते.

स्मृती बदलली की चित्रही बदलते

कोणी म्हणेल, "आज्ञावली चालली म्हणजे झाले, बारकावे कशाला?" पण आज्ञावली चालणे आणि जशीच्या तशी चालणे यांत फरक आहे. १९९० च्या 'विंग कमांडर' या अवकाशयुद्धाच्या खेळात ईएमएस स्मृती असली तर वैमानिकाचा दांडा हलवणारा हात पडद्यावर दिसे. नसली तर खेळ चाले, पण हात दिसत नसे. उद्या कोणी त्या काळच्या चित्रकलेचा अभ्यास करील आणि त्याच्या इम्युलेटरमध्ये ईएमएस बंद असेल, तर तो लिहून जाईल की त्या खेळात हात नव्हताच! याउलट १९९२ च्या 'अल्टिमा ७' या खेळाची स्मृती सांभाळण्याची रीत अशी होती की ईएमएस पुरवणाऱ्या 'ईएमएम३८६' शी तिचे जमतच नसे. एकाला जे औषध ते दुसऱ्याला विष. म्हणून 'सगळे चालू ठेवा' हा सल्ला सर्वांना लागू पडत नाही, आणि 'सगळे बंद ठेवा' हाही पडत नाही.

हे खेळांपुरतेच नाही. युनेस्कोने ग्रंथालयांसाठी दिलेली 'सीडीएस/आयसिस' ही आज्ञावली १९८० च्या दशकापासून भारतातील अनेक ग्रंथालयांनी डॉसवर वापरली. पुस्तकांच्या याद्या तिच्यात भरल्या गेल्या. १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाली. तिने 'जिस्ट' तंत्राचे कार्ड पुढे आणले, आणि त्यामुळे डॉसच्या यंत्रांवर देवनागरीसह भारतीय लिप्या लिहिता येऊ लागल्या. त्या काळचा मजकूर ज्या यंत्रासाठी लिहिला गेला, त्याची नक्कल अपुरी असेल तर पडद्यावर मराठीऐवजी चित्रविचित्र खुणा दिसतील. अक्षरे फाइलमध्ये असतील, पण वाचता येणार नाहीत. म्हणजे इम्युलेटरच्या इमानाशी आपल्या भाषेचाही थोडा संबंध आहे.

आक्षेप आणि उत्तर

काही शिक्षक विचारतील, आणि त्यांचे विचारणे योग्यच आहे, की मुलांनी आजचे शिकावे की हे चाळीस वर्षांपूर्वीचे? माझे उत्तर असे की जुने शिकावे, पण जुने म्हणून शिकावे. खरा धोका जुने शिकण्यात नाही, जुन्याला आजचे समजण्यात आहे.

टर्बो सी प्लस प्लसचेच पाहा. त्यात ४०,००० पूर्णांकांची एक मालिका मांडून बघा. प्रत्येक पूर्णांकाला तिथे २ बाइट लागतात, म्हणजे ८०,००० बाइट झाले. ते ६५,५३६ पेक्षा जास्त, म्हणून मालिका फार मोठी आहे असे सांगून ते नकार देईल. त्याच पूर्णांकात ३२,७६७ च्या पुढे एक मिळवा, उत्तर उणे येईल. विद्यार्थी मग वहीत लिहितो की 'सी प्लस प्लसमध्ये पूर्णांक ३२,७६७ पर्यंतच असतो.' हे चूक आहे. ही मर्यादा भाषेची नव्हे, समोरच्या संगणकाचीही नव्हे. ती १९७८ च्या चिपची सावली आहे, आणि इम्युलेटरने ती इमानाने आपल्यापर्यंत आणली आहे. आजच्या नेहमीच्या कंपायलरमध्ये तोच पूर्णांक ३२ बिटांचा असतो. म्हणून शिक्षकांना विनंती अशी की आजचे काम आजच्या कंपायलरवर शिकवा, आणि जुने यंत्र दाखवायचेच असेल तर त्याच्या मागचे वीस तारांचे गणितही दाखवा. नुसते 'हे बटन दाबा, ही ओळ लिहा' असे मंत्र देऊ नका.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे. "इतके बारकावे लक्षात कोण ठेवणार?" कोणी ठेवू नयेत, लिहून ठेवावेत. माझी सूचना अगदी साधी आहे. शाळेत, ग्रंथालयात किंवा घरी जुन्या आज्ञावलीची फ्लॉपी किंवा प्रत जपून ठेवली असेल, तर तिच्यासोबत एक चिठ्ठी ठेवा. चिप कोणती, डॉसची आवृत्ती कोणती, मूळ स्मृती किती लागते, ईएमएस हवी की एक्सएमएस, की दोन्ही नकोत, एवढे चार-पाच मुद्दे पुरेत. त्या यंत्रावरची 'कॉन्फिग' आणि 'ऑटोएक्झेक' या नावांची दोन छोटी टिपणे मिळाली तर त्यांच्या प्रतीही ठेवा. स्मृतीची मांडणी त्यांतच लिहिलेली असे. लोणच्याच्या बरणीवर आई तारीख लिहून ठेवते ना, तितकेच हे काम आहे. चिठ्ठी नसलेली आज्ञावली म्हणजे कुलूप आहे पण किल्ली कोणती ते माहीत नाही, अशी स्थिती. आणि हे लिहू शकणारी, ती यंत्रे हाताळलेली माणसे आज आपल्यात आहेत, तोवरच विचारून घेतले पाहिजे.

स्वतः करून पाहा

वाचून पटले नाही तरी हरकत नाही, करून पाहा. डॉसबॉक्स सुरू करा आणि 'मेम' ही आज्ञा द्या. पडद्यावर मोकळ्या स्मृतीचे आकडे येतील. मूळची किती, वाढीव किती, विस्फारित किती, ते वहीत उतरवा. आता वाढीव आणि विस्फारित यांची बेरीज करा. ती १६ मेगाबाइटच्या कितीतरी पुढे जाईल! इम्युलेटरला स्मृती दिली १६ मेगाबाइट, मग जास्तीची आली कुठून? पुढे वाचण्याआधी मिनिटभर विचार करा.

उत्तर असे. दोन्ही आकडे एकाच साठ्याचे आहेत. एकाच टाकीला दोन नळ असावेत तसे. एका नळाने पाणी घेतले की दुसऱ्याचेही कमी होणार. पूर्वी ८०३८६ च्या यंत्रांवरही असेच असे. खरे ईएमएस कार्ड नसतानाही 'ईएमएम३८६' ही आज्ञावली वाढीव स्मृतीतूनच त्या कार्डाची नक्कल करी. म्हणजे त्या काळीही एक बहुरूपी होता, आणि आजचा बहुरूपी त्या बहुरूप्याचे सोंग घेतो आहे!

आता डॉसबॉक्सच्या मांडणीच्या फाइलमध्ये एक्सएमएस, ईएमएस आणि यूएमबी या नावांच्या तीन ओळी शोधा. त्यांतली एक बंद करा, इम्युलेटर पुन्हा सुरू करा आणि 'मेम'चे आकडे पुन्हा उतरवा. मग दुसरी बंद करा. प्रत्येक वेळी एकच गोष्ट बदला, हा प्रयोगाचा नियम इथेही पाळा. चार ओळींचा तक्ता तयार होईल, आणि तो तुम्हांला या लेखापेक्षा अधिक शिकवील.

दुसऱ्याच्या मालकीची आज्ञावली विनापरवाना उतरवून घेण्याची यासाठी काहीच गरज नाही. 'फ्रीडॉस' ही डॉससारखी कार्यप्रणाली सर्वांना मोफत आहे. तिची सुरुवात १९९४ मध्ये जिम हॉल या भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याने केली. डॉस बंद पडणार असे दिसताच तो हळहळत बसला नाही, आपणच एक लिहू या म्हणाला. शिवाय मायक्रोसॉफ्टनेही एमएस-डॉसच्या काही जुन्या आवृत्त्यांचा मूळ मजकूर अभ्यासासाठी खुला केला आहे. त्यांतली ४.० ही आवृत्ती २०२४ मध्ये आली. ज्यांना उत्सुकता आहे त्यांच्यासाठी दारे उघडी आहेत.

मित्रहो, तंत्रविज्ञानाचा इतिहास म्हणजे नुसती मोठ्या शोधांची यादी नव्हे. तो अडचणींचा आणि त्यांतून काढलेल्या वाटांचाही इतिहास आहे. ६४० केबीच्या भिंतीपलीकडे जाण्यासाठी माणसांनी खिडकी केली, माळा केला, फाटक बसवले, सोंगे घेतली. त्यातली प्रत्येक युक्ती ओबडधोबड होती, पण प्रत्येकीच्या मागे अस्सल विचार होता. इम्युलेटरने त्या भिंती आपल्यासाठी जपल्या तरच तो विचार आपल्याला दिसेल. म्हणून जुनी आज्ञावली अडली की लगेच स्मृतीचा आकडा वाढवू नका. आधी तिला विचारा, "तू कोणत्या घरात वाढलीस?" आणि मग तिला तेच घर द्या, त्याच्या भिंतींसकट.